‘स्पष्ट है कि’ आणि माझा पेपर

मंगळवारी चौथ्या पिरियडला एम.एस्सी. गणिताचा वर्ग होता. सकाळपासून परीक्षेच्या ड्यूटीच्या याद्या करून डोकं आउट झालेलं, पुस्तक उघडायचंही त्राण नव्हतं... म्हटलं, आज आपलंच काहीतरी शिकवू या.

आपलं म्हणजे माझा नवा रिसर्च पेपर. पीएच.डी. अनालिसिसमध्ये केली, पण इथे उज्जैनला त्यावर बोलायला कुणीच नव्हतं. मग काही वर्षं संख्यांच्या मागे लागले, आणि आता ग्राफ थिअरी... म्हणजे ठिपके आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा. घरचे म्हणतात, म्हातारपणी रांगोळी काढायला लागलीस. खरं कारण इतकंच, की हे फळ्यावर काढलं की पोरं मान वर करून बघतात.

तर हा पेपर चार वर्षं खपून केलेला. जर्नलच्या रेफ्रींनी, म्हणजे तपासणाऱ्या तज्ज्ञांनी, पास केलेला, आणि पुढच्या महिन्यातला प्रमोशनचा इंटरव्ह्यू त्याच्याच भरवशावर. मी फळ्यावर झोकात लिहिलं, ‘स्पष्ट है कि...’ आणि तिसऱ्या बेंचवरच्या पूनमने विचारलं, हे स्पष्ट कसं काय?

मी नेहमीची पळवाट काढली. घर जाके सोचना, बेटा...

घरी जाताना देवास गेटला शेअर ऑटो भरायची वाट बघत मग मीच सोचत बसले. ड्यूटीच्या कागदामागे सात ठिपके काढले, रेषा जोडल्या... परत एकदा तपासल्या. त्या चित्रात माझी ती ‘स्पष्ट’ ओळ चक्क खोटी ठरत होती. ओळ गेली म्हणजे पुढचा सगळा पेपर गेला.

खोटं कशाला बोलू, दोन दिवस वाटत होतं की राहू द्यावं. रेफ्रींना दिसलं नाही, आता कुणाला दिसणार आहे? आणि परत चार वर्षं कोण घालणार... थकले हो मी.

गुरुवारी पूनम स्टाफरूममध्ये आली. तिच्या वहीत तेच सात ठिपके, पण चेहरा चोरी पकडली गेल्यासारखा. म्हणाली, “मॅडम, मुझसे ही कुछ गलत हो रहा है. आपका तो छप रहा है.”

मी नुसतं ‘फिर से देखो’ म्हटलं असतं तरी भागलं असतं. पोरीने ते पान खोडून टाकलं असतं, आणि परत कधी हात वर केला नसता.

“नहीं बेटा,” मी म्हटलं. “तू सही है. गलत मैं हूँ.”

तिच्यासमोरच जर्नलला मेल टाकला, पेपर मागे घेतेय म्हणून. घरी येऊन मात्र रडले. इंटरव्ह्यू गेलाच समजा, आणि पहिल्यापासून सुरू करायची ताकद उरलीय का, खरंच माहीत नाही.

सव्वीस वर्षं प्रत्येक बॅचला सांगत आलेय, मी म्हणते म्हणून काही मानू नका. एकीने तरी ऐकलं बाई... तिचे आभार मानायचेत, पण आज फार दुखतंय. उद्या मानीन.