कुरुंदाचं बारीक चाक

माझा नवरा पाथरवट. तळोद्याच्या वरच्या डोंगरातली माणसं आपल्या मेलेल्या माणसाचा दगड त्याच्याकडून घडवून नेत. घोड्यावर स्वार, हातात तलवार. दगड उभा राहिला, त्यानं शेंदूर धरला, की माणूस पितरांत जाऊन बसला. मी गावोगाव जात्यांना टाकी लावायची, झिजलेल्या तळ्या पुन्हा खरबरीत करून द्यायची. म्हणजे मूर्तीबद्दल तोंड उघडायचा अधिकार मला नव्हता.

त्या उन्हाळ्यात एका विधवेच्या नवऱ्याचा दगड घडत होता. स्वार टाकीनं दगडात उतरला, घासून साफ करायचं राहिलं आणि यांचं मनगट सुजलं. दगड उभा करायची पुनव चार दिवसांवर आलेली. हंगामाचा कापूस संपल्यामुळे सरकी काढायच्या जिनातलं इंजिन मोकळं होतं. तिथल्या मिस्त्रीनं इंजिनाला आत तार फिरणारी लांब नळी जोडून तिच्या टोकाला दगड घासायचं कुरुंदाचं चाक फिरवून दाखवलं. चाकं दोन होती, एक बाजरीसारखं रवाळ, दुसरं पिठासारखं बारीक.

"जाडं चाक ल्या," मी म्हटलं. "गुळगुळीत दगडवर शेंदूर कसा ऱ्हाई?"

"तू जातासले टाकी लावस. हाई मूरत शे," ते मिस्त्रीदेखत म्हणाले.

मला राग आला आणि मी गप्प बसले. म्हटलं, करू द्या मनासारखं. त्या गप्प बसण्याची लाज मला अजून वाटते.

संध्याकाळपर्यंत बारीक चाक फिरत राहिलं. काळा दगड आरशासारखा चमकू लागला. हे त्यात आपल्याच मिशा बघून घेत होते.

पुनवेला डोंगरात सगळी भावकी जमली. ढोल वाजू लागला. मयताच्या थोरल्या भावानं तेलात कालवलेला शेंदूर स्वाराच्या तोंडाला लावला. तो गालावरून ओघळला. भावानं पुन्हा लावला, जाड लावला. तो सबंध छातीवरून खाली आला, घोड्याच्या पायाशी साचला.

ढोल थांबला.

माना एकेक करून विधवेकडे वळल्या. मेलेला माणूस शेंदूर घेत नाही, म्हणजे तो रुसलाय. आणि घरात तो रुसणार दुसऱ्या कुणावर? ती बाई दोन्ही हात पोटाशी धरून उभी होती. थोरल्या भावानं तिला तिच्याच बोलीत काहीतरी विचारलं. ती नुसती नाही नाही अशी मान हलवत राहिली.

मी यांच्याकडे पाहिलं. ते जमिनीकडे पाहत होते. आपलेच दात अन् आपलेच ओठ. मी बोलले तर या डोंगरातून आम्हाला पुन्हा काम मिळणार नाही, हे मला कळत होतं.

"तिले काय इचारतस?" मी ओरडले. "चूक आमनी शे. आम्ही दगड जास्ती घासा. टाकी लावू द्या, शेंदूर ऱ्हाई."

थोरला भाऊ आडवा आला. आता तो दगड नव्हता, त्याचा भाऊ होता. शेंदूर लागलेल्या माणसाच्या तोंडावर लोखंड घालायचं?

तेव्हा ती विधवा पुढे आली. ती बाजारात येऊन-जाऊन आमची अहिराणी शिकलेली होती.

"मार, बाई," ती म्हणाली. "तो मन्हावर रुसना नही."

मी पिशवीतून जात्याची टाकी काढली. कपाळ, गाल, मग नाक. यांनी खपून केलेला चेहरा मी सगळ्यांसमोर टोचून काढला. मिशी गेली, डोळे नुसते खळगे उरले. एकदाही मी यांच्याकडे मान वर करून पाहिलं नाही.

थोरल्या भावानं पुन्हा शेंदूर लावला. तो बसला. ढोल सुरू झाला आणि माणसं नाचायला सरकली.

विधवा तेवढी माझ्याजवळ थांबली. माझ्या हातातल्या टाकीकडे पाहत तिनं हळूच विचारलं, "लागनं का त्याले?"