जो भरील, तो उडवील

आमच्या शेडमधल्या बाकाखाली एक पोतं असतं. उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या नळ्या त्यात टाकायच्या आणि सवड मिळेल तशा पुन्हा भरायच्या. किस्स्यांचंही तसंच झालंय. एक सांगून होतो न होतो, तोवर पोत्यात आणखी चार पडलेले असतात! मी मुळात कमी बोलते. त्यामुळे माझ्याकडे साठा जरा जास्तच आहे.

आधी माणसं सांगते. वरवे बुद्रुकच्या वर, डोंगराच्या उतारावर आमच्या क्लबचं मैदान आहे. यंत्रातून मातीच्या थाळ्या हवेत सुटतात आणि छऱ्याच्या बंदुकीनं त्या फोडायच्या, हा खेळ. खेळणारा "पुल!" असं ओरडतो, की थाळी सुटते. कायमची माणसं चार. माझा नवरा संदीप. सुभेदारमामा, म्हणजे माझ्या सासूबाईंचे थोरले भाऊ. हिर्डोशीचे, फौजेतून निवृत्त, क्लबचे सेक्रेटरी. शौकतचाचा, भोरमध्ये त्यांचं बंदूक-दुरुस्तीचं परवान्याचं दुकान आहे आणि काडतुसं भरण्याची खोली त्यांच्या ताब्यात असते. आणि चौथी मी, नवी सून.

शेडच्या भिंतीवर चाचांचा परवाना आणि क्लबची परवानगी फ्रेम करून लावलीय. मधे मारुतीचा फोटो. आलेला माणूस तिन्हींना हात जोडतो, उगाच धोका नको!

पुण्याच्या निवड चाचणीला क्लबकडून एकच नाव जातं. ते दरवर्षी मामांचंच जायचं. यंदा ते माझं जावं, एवढीच माझी इच्छा होती. त्यासाठी सराव हवा, सरावाला काडतुसं हवीत, आणि विकतची काडतुसं परवडायची म्हणजे माहेरचं सोनं मोडायला लागलं असतं. म्हणून भरायची. पुढचं सगळं रामायण त्यातून झालं.

*

लग्न होऊन मी वरव्यात आले, त्याच आठवड्यात शेजारच्या काकूंनी सासूबाईंना विचारलं, "सूनबाई काय करती वो?"

सासूबाई भांडी घासत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "काडतुसं भरती."

आमच्या आणि त्यांच्या शेतामधला बांध गेली कित्येक वर्षं दर पावसाळ्यानंतर आमच्या बाजूला सरकायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी काका स्वतः कुदळ घेऊन बांधावर हजर!

"काय काका, सकाळी सकाळी?" संदीपनं विचारलं.

"काय न्हाई रं. बांध जरा वाकडा दिसत हुता. म्हनलं, सरळ करून घ्यावा."

मी अजून त्या बाईंना 'काय करते' याचा खुलासा केलेला नाही.

*

तेव्हा खोलीत भरायचं जुनं मशीन होतं. एका वेळी एक नळी, आणि प्रत्येक कामासाठी वेगळी ओढ. नळीच्या बुडाची जळकी टोपी, म्हणजे ठिणगी पाडणारी बारकी डबी, काढायला एकदा हँडल ओढा, नवी बसवायला एकदा, मग बारूद, मग बूच, मग छरे, मग तोंड बंद. एक काडतूस होईपर्यंत चहाला साय धरायची.

आणि हे काम करायला कोण? तर मी!

मामांचं म्हणणं असं, "बायकांचा हात हलका. पापड लाटल्यागत हुतंय."

रविवारी पुण्याहून मेंबर यायचे. मी आठवडाभर भरलेलं सगळे मिळून दुपारपर्यंत उडवून टाकायचे. माझी पाळी येईपर्यंत पेटीत उरायचं काय, तर झाकण.

एका रविवारी मी झाकण मामांच्या हातात दिलं आणि म्हटलं, "मामा, पापड संपले."

मामा हसले. मी हसले नाही. त्या संध्याकाळी ठरलं, की नवीन मशीन घ्यायचं. प्रोग्रेसिव्ह! म्हणजे फिरत्या चकतीवर ओळीनं पाच नळ्या बसवायच्या. हँडल एकदा ओढलं की पाचही ठिकाणची कामं एकदम होतात, चकती एक घर पुढे सरकते आणि प्रत्येक ओढीला एक तयार काडतूस बाहेर पडतं.

मी सासूबाईंना हे समजावलं, तर त्या म्हणाल्या, "मंजी लग्नातल्या भाकरीगत. एकीनं मळायचं, एकीनं थापायचं, एकीनं भाजायचं. ह्यात नवीन काय हाय?"

*

कुठलं मशीन घ्यायचं यावर समिती बसली. समितीत मी नव्हते. मी चहात होते.

संदीपनं मोबाईलवर इतके व्हिडिओ पाहिले होते, की तो झोपेत परदेशी मशीनची नावं घ्यायचा. नवी नवरी शेजारी असताना! मामांना मोटरवालं हवं होतं. "बटन दाबायचं, बस. फौजेत समदं आटोमॅटिक असतंय." चाचांचं एकच, "ज्याचा तुटलेला भाग भोरच्या लेथवर बनत नाही, ते मशीन दारात आणू नका."

पैसे मात्र तिघांच्याही स्वप्नांना पुरणारे नव्हते. तरी मामांनी पुण्याहून एका विक्रेत्याला मोटरवालं मशीन दाखवायला बोलावलं. दिवस ठरवला गुरुवार. दत्ताचा वार, शुभ!

गुरुवारी लाइट जाते, हे वरव्यातल्या शेळ्यांनाही माहीत आहे.

पाहुणा आला. मशीन काय देखणं होतं! नवरदेवासारखं बाकावर बसवलं. पाहुण्यानं बटण दाबलं. काहीच नाही. दुसऱ्यांदा दाबलं. संदीपनं पंख्याकडे पाहिलं, चाचांनी मारुतीकडे.

"लाइट संध्याकाळी येईल," मी चहा ठेवता ठेवता म्हटलं. "तोवर हातानं चालवून दाखवा की. हँडल कुठंय?"

पाहुणा अभिमानानं म्हणाला, "मॅडम, या मॉडेलला हँडलची गरजच नाही!"

चाचांनी त्याला बिस्किटाचा पुडा पुढे केला. "घ्या. प्रवास लांबचा आहे."

*

मग मीच शोध लावला. माझं माहेर वेल्ह्याकडचं. तिथं एका निवृत्त साहेबांच्या फार्महाऊसवर हातानं ओढायचं, पाच घरांचं साधं मशीन पडून असल्याचं आईकडून कळलं. मी, संदीप आणि चाचा गेलो.

साहेबांनी मशीनवरची चादर अशी काढली, जशी पुतळ्यावरची काढतात. "हाताळलंय फार कमी. नव्यासारखंच आहे. किंमत मात्र नव्याचीच पडेल."

मी हँडलला हात लावला. चिकट होतं. वास घेतला. मोहरी आणि हिंग!

तेवढ्यात स्वयंपाकघरातून बाईंचा आवाज आला, "नव्याचीच कशी पडेल? मी त्यावर लोणच्याची फडकी वाळत घालते!"

साहेब म्हणाले, "अगं, तू मधे बोलू नकोस."

बाई बाहेरच आल्या. माझ्याकडे नीट पाहिलं, मंगळसूत्राकडे पाहिलं, हँडलवरच्या हाताकडे पाहिलं. "कोण वापरणार? तू?"

"मी."

"मग अर्ध्यात ने. आणि चालवून बघून ने, यांच्या शब्दावर जाऊ नकोस."

चालवून बघायचं, पण बारूद आणि छरे कोण बरोबर घेऊन फिरतं? मी म्हटलं, "मूठभर नाचणी आहे का? आणि थोडी चहा पावडर?"

छऱ्यांच्या बाटलीत नाचणी, बारुदाच्या बाटलीत चहा. दोन्ही बाटल्या तपकिरी प्लास्टिकच्या, आत काय आहे ते कळत नाही. टोप्या न घालताच हँडल ओढलं. पहिलं काडतूस टुणकन बाहेर पडलं. चाचांनी त्याचं तोंड उघडून नाचणी हातावर ओतली, पारखी नजरेनं पाहिली आणि एक चिमूट तोंडात टाकली.

"मशीन चांगलं आहे," ते म्हणाले. "नाचणी जुनी आहे."

येताना टेम्पोत मशीन होतं आणि माझ्या मांडीवर लोणच्याची बरणी. साहेब गेटपर्यंत आले नाहीत.

*

नवं मशीन बसल्यावर चाचांनी कायदे केले. भरताना बोलायचं नाही. मोबाईल बाहेरच्या पत्र्याच्या डब्यात. काम झालं की दोन्ही बाटल्या रिकाम्या करून उलट्या ठेवायच्या. भरायला बसताना बारूद आणि छरे किल्लीच्या कपाटातून नव्यानं काढायचे. आणि तयार झालेलं प्रत्येक काडतूस तळहातावर तोलायचं. "हाताला खोटं सांगता येत नाही, बेटा."

पहिल्याच दिवशी डब्यात मोबाईल वाजायला लागला. पत्र्यात तो असा घुमला, की जणू वरात आली! चाचा चिडून बाहेर गेले. "कुणाचा आहे? बंद करा! शिस्त म्हणून काही आहे की नाही?"

मोबाईल चाचांचाच होता. पलीकडून चाची विचारत होत्या, "मटण किती आणू?"

तो कायदा मात्र टिकला, एक मामा सोडले तर. चाचांनी स्वतःला पाच रविवार चहा बंद केला आणि दुसऱ्याच रविवारी माफी दिली.

*

आता खरा प्रश्न. मशीन वेगवान झालं, म्हणजे मी जास्त भरणार. मी जास्त भरणार, म्हणजे बाकीचे जास्त उडवणार. झाकण पुन्हा माझंच!

शिवाय मामांनी जाहीर केलं, की यंदा निवड चाचणीचं नाव क्लबातल्या सामन्यावर ठरेल. आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "सूनबाई, सामन्याची समदी काडतुसं तूच भर. तुझ्या हाताला सफाई हाय."

"आणि माझा सराव?"

"उरतील त्यात कर की."

मी बाकावरून उठले. हात धुतले. खडू घेतला आणि मशीनच्या वरच्या फळीवर लिहिलं: जो भरील, तो उडवील.

संदीपनं फळी वाचली, माझ्याकडे पाहिलं, आणि शहाण्यासारखा बाकावर जाऊन आपल्या नळ्या लावायला लागला. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, की स्थळ चांगलं मिळालंय.

मामा लाल झाले. "ही काय रीत झाली? घरात असं चालतं व्हय?"

"घरात नाही मामा. घरात सगळ्यांचं मीच वाढते. इथं नाही वाढणार."

"न्हाई तर न्हाई! एक हँडल तर वढायचंय. त्यात काय इद्या लागती?"

संध्याकाळी वाटलं, आता सासूबाईंकडे तक्रार जाणार. गेलीच. सख्ख्या भावाचा फोन! सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं, "बरं, बरं" म्हणाल्या आणि फोन ठेवला. मी भाकरी थापत होते. त्या शेजारी बसल्या आणि म्हणाल्या, "खडूनं कशाला लिवलं? पुसलं जातंय. रंगानं लिवायचं."

*

सामन्याच्या आदल्या दिवशी भोरहून मामांचे फौजेतले दोन दोस्त आले. मामांनी त्यांना मशीन चालवून दाखवलं. अर्थात चाचांच्या देखत नाचणी आणि चहा घालून. नाचणी हिर्डोशीची, मामांच्या स्वतःच्या शेतातली. दोस्तांनी वा वा केली, मग सगळे जेवायला गेले.

मी आणि संदीपनं आमची काडतुसं आधीच भरून, तोलून ठेवली होती. मामांची राहिली होती. सकाळी लवकर ते शेडमध्ये आले, तेव्हा मी दार झाडत होते.

"मामा, बाटल्या रिकाम्या करून घ्या."

"सूनबाई, मी तुझ्या जन्माच्या आदी बंदूक धरलीया. मला शिकवू नगंस."

मी झाडत राहिले. आत चाचांनी कपाट उघडून टोप्या मोजून दिल्या आणि विचारलं, "बारूद? छरे?"

मामांनी तपकिरी बाटल्यांवर टिचकी मारली. "भरल्यात की काठोकाठ! कालचं काढून पोरीनं तयारी करून ठिवलीया. कितीबी ताठ झाली, तरी बाईची जात. वाढून ठिवायची सवय जात न्हाई."

चाचांनी दाराकडे, माझ्याकडे पाहिलं. मी केरसुणी भिंतीला टेकवून मैदानाकडे गेले. आतून हँडलचा आवाज येत होता. खटाक्, खटाक्, आणि मधे मधे मामांचं फोनवरचं मोठ्यानं बोलणं.

सामन्याला यंदा सासूबाई पहिल्यांदाच आल्या. डोक्यावर पदर, हातात पिशवी. मैदानाच्या कडेला, दोस्तांच्या शेजारी खुर्चीत बसल्या. पहिली पाळी मामांची. नारळ फुटला. मामांनी बंदूक खांद्याला लावली, छाती काढली आणि ओरडले, "पुल!"

थाळी निघाली. मामांनी घोडा दाबला.

फुस्स.

थाळी आपली निवांत जाऊन पलीकडच्या गवतात बसली. चाचा धावले, "थांबा! दुसरं घालायचं नाही! बंदूक खाली!" त्यांनी बंदूक घेतली, उघडली, नळी खाली केली. आतून सर्‌र्‌र्‌ करून नाचणी गळाली आणि मागोमाग जळक्या चहाचा वास सुटला. चाचांनी मामांच्या पेटीतलं दुसरं काडतूस तळहातावर तोललं. तिसरं तोललं. मग अख्खी पेटी उचलून बाजूला ठेवली.

कुठून कोण जाणे, शेजारच्या काकूंच्या कोंबड्या धावत आल्या आणि मामांच्या बुटांभोवती टिपायला लागल्या. दोस्त आभाळाकडे बघत होते. कुणी हसायचं धाडस करेना.

सासूबाई उठल्या. सावकाश चालत भावाजवळ गेल्या, वाकून चार दाणे उचलले, हातावर चोळून पाहिले.

"दादा, नाचणी आपल्या हिर्डोशीचीच हाय," त्या म्हणाल्या. "पुढच्या खेपेला गूळ बी घाल."

मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "हं. तुझी पाळी."

मी माझी पेटी उघडली. एक काडतूस तळहातावर तोललं. कोंबड्या अजून तिथंच होत्या.

"पुल!"