नवसाबाईंची पळती नाडी

माझ्या सासूबाई, नवसाबाई, मखमलाबादच्या मळ्यात एका जागी बसलेल्या कुणी पाहिल्या नव्हत्या. मी मेथीच्या दहा जुड्या बांधेपर्यंत त्यांच्या पंचवीस व्हायच्या. जेवण दोन माणसांचं, पण अंगावर मांस नाही. थंडीतही पदराने घाम पुसायच्या. "आमची म्हातारी म्हंजी इंजिन हाय," सासरे, चिमाजीमामा, कौतुकाने सांगायचे.

२००२च्या मे महिन्यात गावच्या मंडळींबरोबर आम्ही केदारनाथला गेलो. "घोडा कशाला? मला काय झालंय?" म्हणत त्या पायीच निघाल्या. अर्धा चढ संपला आणि एकदम रस्त्याच्या कडेला बसल्या. ओठ निळे. हात धरला तर नाडी मोजता येईना, इतकी पळत होती.

"भाग्यश्री, छातीत कोन उड्या मारतंय गं?" एवढं बोलल्या आणि मान टाकली.

मामा नुसते बघत राहिले. दोन डोलीवाल्यांनीच त्यांना उचलून दवाखान्याच्या तंबूत नेलं. ऑक्सिजन लावला. ओठांना रंग आला, पण नाडी दीडशेच्या खाली येईना. तरुण डॉक्टरांनी त्यांचा गळा चाचपला, थरथरणारी बोटं पाहिली.

"इथे हवा विरळ, त्यामुळे सगळ्यांचंच हृदय जोरात चालतं," ते हिंदीत म्हणाले. "पण यांचं घरीही असंच पळत असणार. थायरॉईड वाढलाय वाटतं. अशा हृदयाला ऑक्सिजन जास्त लागतो आणि इथे तो कमी मिळतो. ताबडतोब खाली न्या."

दर्शन राहिलं. नाशिकला रक्त तपासलं, थायरॉईडच निघाला; तो घाम, ती भूक, ती धावपळ, सगळं त्याचंच. किती वर्षांपासून, ते डॉक्टरांनाही सांगता येईना.

सासूबाई रिपोर्ट हातात धरून बसल्या. "म्हंजी मी कामसू नव्हते? आजारी होते?"

त्यांच्या चपळाईपुढे मी बारा वर्षं स्वतःला आळशी समजत आले होते.

गोळ्या सुरू झाल्या. चार महिन्यांत नाडी ऐंशीवर आली, अंग भरलं. एके दुपारी त्या ओट्यावर चक्क झोपल्या. मळ्यातून आलेले मामा दारातच थिजले. मग वाकून त्यांनी हात सासूबाईंच्या नाकापाशी धरला. श्वास संथ चालला होता.

मामा तिथेच त्यांच्या उशाशी बसले. त्या उठेपर्यंत हलले नाहीत.