जॅकेटातली ओटी

आमच्या विहीणबाई आजवर जगात कुणाच्याही पाहुण्या झालेल्या नाहीत. म्हणजे जातात त्या पाहुण्या म्हणूनच. दारात चपला काढतात, दिलेलं पाणी पितात, आणि तो पेला विसळून पालथा घालेपर्यंत त्या घराचा ताबा त्यांच्याकडे गेलेला असतो. विहीणबाई म्हणजे माझ्या मुलीच्या सासूबाई. साखरपुड्याला त्या मुलाकडच्या म्हणून आमच्या कात्रजच्या घरी आल्या, तेव्हा मान राखण्यात कुठे कमी पडायला नको म्हणून आम्ही घरातली सगळ्यांत चांगली खुर्ची पुढे केली होती. त्या खुर्चीवर त्यांची पर्स तेवढी बसली. विहीणबाई आमच्या ओट्यापाशी उभ्या राहून माझ्याच बहिणीला सांगत होत्या, "मसालेभात असा बोडका नका वाढू, वर खोबरं घाला." दुसऱ्यांच्या लग्नात तर त्या जिलबीचं ताट घेऊन पंगतीतून अशा फिरतात की मुलाकडच्यांना त्या मुलीकडच्या वाटतात आणि मुलीकडच्यांना मुलाकडच्या. एकदा त्या चुकून भलत्याच कार्यालयात शिरल्या होत्या. चूक लक्षात आली तोवर दोन पंगती वाढून झाल्या होत्या, आणि वधूची आई त्यांना निघताना आहेर देत होती. विहीणबाईंनी तो घेतला. नाही म्हटलं असतं तर बरं दिसलं नसतं, असं त्यांचं म्हणणं.

आमचे हे आजारी पडून रुग्णालयात होते, तेव्हाही त्यांनी तेच केलं. रोज नारायण पेठेतून डबा घेऊन यायच्या आणि आमच्या खोलीबरोबर शेजारच्या दोन खोल्याही सांभाळायच्या. कुणाच्या नातेवाइकाला चहा, कुणाच्या आईला दोन धीराचे शब्द, आणि भेटायला येऊन रोग्यापाशी रडत बसणाऱ्यांना बाहेरचा रस्ता. "रडायचं असेल तर खाली उपाहारगृह आहे," असं त्यांनी माझ्या सख्ख्या दिराला सांगितलं होतं. हे गेले तेव्हा मी मात्र त्यांच्याच खांद्यावर रडले, आणि त्यांनी मला कुठेही पाठवलं नाही. ते मी विसरणार नाही.

त्यानंतर मी चालायचं सोडलं. हे मी शब्दशः सांगते आहे. आम्ही दोघं लग्नापासून डोंगर चढत आलो होतो, पण पुढे हे आणि मागे मी. त्यांच्या बुटांच्या टाचा बघत मी किती घाट चढले त्याला गणती नाही. रस्ता कसा होता हे विचाराल तर मला सांगता यायचं नाही. पुढे त्या टाचा नाहीत म्हटल्यावर पायच उचलेना. भाजी घरपोच येऊ लागली, मुलगी भेटायला येऊ लागली, आणि कुणी चला म्हटलं की माझं गुडघ्याचं कारण तयार असायचं. गुडघ्यांना काहीही झालेलं नव्हतं.

अशात एके दिवशी विहीणबाईंचा फोन आला. "तुमचा पासपोर्ट आहे ना?" होता, आम्ही दोघांनी हौसेने काढला होता आणि तो कोराच राहिला होता. "मग जॉर्जियाला जायचंय. डोंगरातून चालायचं, गावातल्या लोकांच्या घरी उतरायचं, त्यांचं खायचं, त्यांची रीतभात बघायची. मोजकी माणसं आहेत, बरोबर वाटाड्या आहे. खोलीत दोघी-दोघी असतात, आणि अनोळखी बाई घोरलेली मला चालत नाही. तुमचं घोरणं निदान नात्यातलं आहे." मी गुडघ्यांचं नाव काढलं. त्या म्हणाल्या, "गुडघे घरी ठेवून या हवं तर, पण या." मुलीला फोन केला तर ती म्हणाली, "आई, त्यांनी तुझं नाव आधीच दिलंय. आता तू नाही म्हणालीस तर मला इथे राहायचंय, एवढं लक्षात ठेव."

तयारीसाठी आम्ही पर्वती चढू लागलो. मी कात्रजहून बसने स्वारगेटला यायची, त्या पेठेतून चालत यायच्या. पाठीवर वजन घेऊन चढायचा सराव करा असं सहल नेणाऱ्यांनी सांगितलं होतं. ग्रुपमधल्या आयटीतल्या तरुण मंडळींनी पिशव्यांत पाण्याच्या बाटल्या भरल्या. विहीणबाईंनी दळणाचे गहू भरले. पर्वती चढून उतरल्यावर त्या तशाच गिरणीत जायच्या आणि पीठ घेऊन घरी. "नुसतं वजन वर नेऊन खाली आणायला मी काय वेडी आहे?" असं त्यांचं म्हणणं. सहलीआधीच्या बैठकीत कुणीतरी काळजीच्या सुरात म्हणालं, की ज्येष्ठांनी या चढाचा नीट विचार करावा. विहीणबाईंनी विचारलं, "डोंगर सगळ्यांना सारखाच आहे ना? की वय बघून उंच होतो?" या सगळ्या सरावात त्या माझ्या पुढे असायच्या, आणि मी मुकाट त्यांच्या टाचा बघत चढायची. माझी सोय झाली होती.

विमानतळावर त्यांच्या हातातल्या पिशवीत नारळ निघाला. तपासणीवाल्याने तो नेता येणार नाही म्हणून सांगितलं. त्या शांतपणे म्हणाल्या, "ठीक आहे, मग तुम्ही फोडा आणि सगळ्यांना खोबरं वाटा. वाया नाही गेला पाहिजे." पिशवीतले बाकीचे जिन्नस, म्हणजे आंबेमोहोर तांदूळ, मेतकूट, हळकुंडं, सुपाऱ्या, हळदीकुंकवाची डबी आणि चार-पाच ब्लाउजपीस, सुखरूप पार पडले. परदेशात ब्लाउजपीस कशाला, असं मी विचारलं नाही. पुण्यात ब्लाउजपीस कुणी शिवत नाही. एकीच्या ओटीतून दुसरीच्या ओटीत असा त्याचा आयुष्यभर प्रवास चालतो, आणि विहीणबाईंनी तो आता देशाबाहेर काढला होता, इतकंच.

जॉर्जियात त्या सगळ्यांशी मराठीत बोलल्या. मोठ्याने नाही, हावभाव करून नाही, आपण शेजारणीशी बोलतो तसं. आमचा वाटाड्या लेवान हा तिशीतला, इंग्रजी उत्तम बोलणारा मुलगा. दोन दिवसांत तो "चला" आणि "बसा" म्हणू लागला. मुक्कामाच्या प्रत्येक घरी विहीणबाई पहिल्या संध्याकाळीच चुलीपाशी पोचायच्या आणि चीज भरलेल्या रोट्या लाटायला बसायच्या. "पुरणपोळीसारखंच आहे, फक्त यांना गूळ घालायचं सुचलं नाही," हा त्यांचा अभिप्राय. आणि निघताना त्या घरच्या बाईची ओटी भरायच्या. एखाद्या बाईच्या हातचं जेवून तिला रिकामी ठेवून निघायचं, हे त्यांच्या नियमात बसत नाही. नारळ गेला होता, म्हणून त्याच्या जागी तिथलेच अक्रोड आले. त्या बायका आधी बुजायच्या, मग हसायच्या, मग ॲप्रन पसरायच्या. त्या वेळी मी जरा बाजूला उभी राहायची. हे गेल्यापासून मला ही सवय लागली होती. कुणी मला हो म्हणू नये, की नाही म्हणू नये, अशा अंतरावर उभं राहायचं. विहीणबाईंच्या घरीही हळदीकुंकू निघालं की मी गॅलरीतल्या कुंड्या बघायला जायची. त्या कधी हाक मारायच्या नाहीत, आणि त्यांनी मारावी असं मी मनातही येऊ दिलं नव्हतं.

सगळ्यांत मोठी खिंड ओलांडायच्या आदल्या दिवशी आम्ही डोंगराच्या कुशीतल्या एका लहानशा गावात उतरलो. चारी बाजूंना दगडी बुरूज, मधे पाच-पंचवीस घरं. घरची मालकीण एतेरी, आमच्याच वयाची, अंगावर डोक्यापासून पायापर्यंत काळं. विहीणबाई तिच्याकडे बघून म्हणाल्या, "यांच्याकडे बारा महिने संक्रांत दिसतेय. पण काळा रंग खुलतो हो तिला." दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं, म्हणून त्यांनी संध्याकाळीच ओटी उरकली. एतेरीच्या कपाळाला हळदीकुंकू लावलं आणि मोरपंखी ब्लाउजपीस दिला. तो मीच त्यांना मुलीच्या डोहाळजेवणात दिला होता, पण ते असो. एतेरीने तो गालाला लावून बघितला.

मग जेवायला बसलो. तिथे जेवताना यजमान पेला उचलून काहीतरी बोलतो आणि मग सगळे पितात. एकदा पाहुण्यांसाठी, एकदा मुलाबाळांसाठी, आणि एकदा गेलेल्या माणसांसाठी. आम्हा दोघींच्या पेल्यांत आलुबुखाराचं सरबत होतं. गेलेल्यांची पाळी आली तेव्हा एतेरी उभी राहिली आणि भिंतीवरच्या एका फोटोकडे बघत बोलली. लेवानने हळू आवाजात सांगितलं, "तिचा नवरा. तो गेल्यापासून ती काळंच घालते. आमच्या डोंगरात अशी रीत आहे." विहीणबाईंचा पेला ओठांपाशीच थांबला. एतेरीच्या कपाळावर त्यांनी लावलेलं कुंकू दिव्याच्या उजेडात स्वच्छ दिसत होतं. मग लेवान म्हणाला, आणखी कुणाला कुणासाठी प्यायचं असेल तर प्यावं. मी पेला उचलला. भिंतीवरच्या त्या फोटोकडेच बघत राहिले. एतेरी उठून माझ्याजवळ आली, माझं डोकं तिने पोटाशी धरलं आणि तिच्या भाषेत काही म्हणाली. लेवानला त्याचं भाषांतर करावंसं वाटलं नाही, आणि मला त्याची गरजही लागली नाही.

त्यानंतर विहीणबाई जागच्या हलल्या नाहीत. वाढायला उठल्या नाहीत, रोटीत काय कमी आहे ते सांगितलं नाही, भांडीही दुसऱ्यांना घासू दिली. मला वाटलं, नियम मोडला म्हणून त्यांना लागलं असेल. माझ्या डोक्यात तर वेगळंच चाललं होतं. उद्याच्या वाटेवर घोड्यावरून नदी ओलांडायची, आणि मग खिंडीपर्यंत उभा चढ. मी लेवानला सांगून टाकलं, की मी चालणार नाही. बॅगा घेऊन गाडी पुढच्या गावाला जाते, त्यातून जाईन. गुडघे, असं कारण दिलं.

पहाटे मी बॅग बंद करत होते तर खोलीच्या दारात विहीणबाई उभ्या. हातात एतेरीची थाळी, थाळीत तांदूळ, हळकुंड, सुपारी, अक्रोड.

"जॅकेट पसरा," त्या म्हणाल्या.

"अहो विहीणबाई, माझी काय..."

"मला माहीत आहे. काल परक्या बाईची भरली, तर ती खूश झाली. देवाने काही आभाळ पाडलं नाही. आणि घरची बाई माझ्या दारी आली की मी नुसता चहा पुढे करते. कुंड्या बघायला जाता तुम्ही, मला दिसत नाही का? इतके दिवस जाऊ दिलं, ही माझी चूक. पसरा."

मी जॅकेट पसरलं. हळदीला त्यांचा हात थांबला नाही. कुंकवाला क्षणभर थांबला, आणि मग त्यांनी तेही लावलं, नीट, गोल. ओंजळीने तांदूळ घातले. अर्धे खिशात गेले, चार अक्रोड खाटेखाली घरंगळले, ते आम्ही दोघींनी ओणवून शोधले. मी रडत होते. त्या नाक पुसत म्हणाल्या, "ओटी भरलेली बाई सामानाबरोबर गाडीतून जात नाही. बूट घाला."

घोड्यावर बसल्यावर त्या घोड्याला "अहो, जरा बेताने" म्हणाल्या, आणि घोड्याने ऐकलं. नदीपलीकडे चढ सुरू झाला तसं मी सवयीने त्यांना पुढे जाऊ दिलं. त्या थांबल्या आणि वाटेवरून बाजूला झाल्या. "आज तुम्ही पुढे."

"मला वाट दिसत नाही हो."

"बघायला लागलात की दिसेल. मी मागे आहे."

तशी मी पुढे झाले. पहिल्यांदा माझ्यासमोर कुणाच्या टाचा नव्हत्या. दगड होते, पिवळी फुलं होती, पाणी ओलांडायचं कुठून हे ठरवावं लागत होतं. मी ठरवत होते. दोनदा चुकले, मागून "डावीकडून बघा" ऐकू आलं, सुधारलं. खिंडीत पोचलो तेव्हा समोर बर्फाची अख्खी नदी डोंगरावरून उतरत होती. मला ह्यांची फार आठवण आली, आणि त्याच वेळी तितकाच आनंदही झाला; दोन्ही एकत्र होऊ शकतं हे मला तोवर ठाऊक नव्हतं. विहीणबाई मागून धापा टाकत आल्या, बर्फाकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं झालं आणलं तुम्हाला. एकटीला बघवलं नसतं." त्या संध्याकाळी पुढच्या मुक्कामी त्यांनी माझे ओटीतले तांदूळ परत मागितले, कारण मेतकूट उरलं होतं आणि आंबेमोहोर संपला होता. जॅकेटातल्या बिस्किटाच्या चुऱ्यासकट तो भात आम्ही दोघींनी खाल्ला.

पुण्याला परतल्यावरही आम्ही पर्वती सोडली नाही. अलीकडे मात्र विहीणबाईंच्या गुडघ्यांनी, खऱ्याखुऱ्या, संप पुकारला आहे. डॉक्टरांनी पायऱ्या बंद सांगितल्या आहेत. त्या पायथ्याशी कट्ट्यावर बसतात, येणाऱ्याजाणाऱ्यांना कुठून चढायचं ते सांगतात, आणि मला म्हणतात, "तुम्ही जाऊन या." मी जाते. मला आता बरोबर कुणी लागत नाही, आणि हे मी ज्यांच्यामुळे शिकले त्या खाली बसून असतात, याचं प्रत्येक पायरीला वाईट वाटतं. वर पोचले की फोन करायचा असा हुकूम आहे. "काय काय दिसतंय?" त्या विचारतात. मी सांगू लागते: आज हवा स्वच्छ आहे, सिंहगड दिसतोय, पेठांवर ऊन आलंय. मधे मी थांबले तर त्या म्हणतात, "सांगा ना, मी आहे." मग मी आणखी सांगत राहते, जे दिसतं ते सगळं.