डाळिंबाच्या दाण्यांत हिरवी काच

इरा, अनय, तुम्हाला तिकडे परदेशात आजची गोष्ट लिहून पाठवते. सकाळी शिरूर सोडले तेव्हा उन्हाला अजून धार नव्हती. वडगाव रासाईजवळ भीमा दिसली, संथ आणि रुंद. मग दौंडच्या दिशेने नुसता ऊस. गाडी माझी भाची मेधा चालवत होती. खाद्यपदार्थांच्या कारखान्यांत कोणी पाहत नसताना कामगार कसे वागतात, हे तपासणे तिचे काम. मी हट्टाने सोबत गेले.

हा कारखाना डाळिंबाचे दाणे डब्यांत भरून परदेशी पाठवतो. दारातच रखमाबाई प्रत्येकीचे हात तपासत होत्या. माझ्या पाटल्याही उतरवल्या. "आजी, हितं राणी आली तरी मोकळ्या हातानं."

आत थंडगार हवा, पांढऱ्या टोप्यांतल्या बायका आणि बेल्टवरून वाहणारे माणकांसारखे दाणे. मी पाहतच राहिले.

एवढ्यात एका मुलीने लाल बटण दाबले. बेल्ट थांबला. ती सविता, रखमाबाईंची नवी सून. तिने बाहीतून हिरव्या बांगडीचे दोन तुकडे काढले.

"बांगडी वाढली (फुटली; बांगडीला तसे म्हणत नाहीत). तिसरा तुकडा घावंना."

सुपरवायझरने विचारले, "गेटवरून आत आलीच कशी?"

सविताने मान खाली घातली. मेधा समोरच उभी होती. कामही जाणार आणि घरही दुरावणार, असे मला वाटले.

"आत्यांनी (सासूबाईंनी) सोडलं," ती म्हणाली.

रखमाबाईंना बोलावले. "व्हय, म्याच सोडलं. लगीन होऊन आठ दिस न्हाई झालं. पोरीचं मोकळं हात बघवंनात."

तुकडा सापडला, तांदळाएवढा, एका क्रेटच्या तळाशी. तरीही, एखादी कपची राहिली असेल म्हणून बायकांनी सकाळपासूनचा सगळा माल बाजूला काढला. एकीनेही कुरकुर केली नाही.

"सविते, आज उपाशी झोपतीस बघ," कोणीतरी म्हणाली.

"भाकरी तीच थापती. उपाशी मीच मरंन," रखमाबाई म्हणाल्या. मग सुपरवायझरकडे वळल्या. "सायेब, उद्यापासनं गेटवर हिला उभी करा. ही मलाबी सोडायची न्हाई."

दुपारी कँटीनमध्ये दोघी एकाच डब्यातून जेवत होत्या. सासू सुनेच्या भाकरीवर ठेचा वाढत होती.

परतताना वाटेभर सविताच डोळ्यांसमोर होती. नव्या घरात सासूचे नाव चारचौघांत घ्यायला किती धीर लागतो, ते मला माहीत आहे. आणि घेतले ते कोणासाठी, तर जन्मात न भेटणाऱ्या माणसांसाठी. तुमच्या तिकडच्या दुकानांतही असे डबे असतात. त्या सकाळचा एकही डबा तुमच्यापर्यंत येणार नाही.