अंगठ्यांनी ओढलेली पट्टी

कळंबोलीत लोखंड बाजाराच्या मागे माझी स्क्रीन प्रिंटिंगची शेड आहे. कबड्डी संघांचे टी-शर्ट, दुकानांच्या पिशव्या, हे आमचं काम. धाकटी बहीण मात्र मुंबईतल्या एका संस्थेत संशोधन करायची. तिला मनगटावर बांधायची, नाडी मोजणारी पट्टी बनवायची होती. अशा यंत्रातला ट्रान्झिस्टर, म्हणजे वीज सोडणारा-अडवणारा बारीक भाग, एरवी कडक असतो. तिला तो रबरासारखा ताणला जाणारा हवा होता, आणि तोही छापलेला. प्लास्टिकच्या जातीचं एक रसायन शाईसारखं पातळ करून ती रबराच्या पातळ शीटवर थरावर थर द्यायची.

संस्थेतलं मशीन तिच्या वाट्याला येतच नसे. तिच्या सरांच्या मर्जीतली मुलं आधी, ही नंतर. म्हणून शेडच्या एका कोपऱ्यात प्लास्टिकचा पडदा लावून, एसी बसवून आम्ही दोघं रविवारी छापायचो. एका थरावर दुसरा नेमका बसवायचं काम माझं, बाकी सगळं डोकं तिचं.

आमच्या धंद्यात छापलेला माल गठ्ठ्यात ठेवण्याआधी दोन अंगठ्यांनी ताणून बघतात. छपाईला भेग पडली तर तो टी-शर्ट बाजूला. तिच्या पट्ट्याही मी तशाच ओढायचो, न सांगता, सवयीनं. धंद्यातली दुसरी सवय याहून वाईट. गिऱ्हाईक तक्रार घेऊन आलं की चूक कोणाची हे न बघता आपण म्हणायचं, "चुकलं आमचं, परत छापून देतो." त्यानं गिऱ्हाईक टिकतं.

पुढच्या वर्षी तिचं काम चालू ठेवायचं की बंद करायचं, हे ठरवायला समिती बसली त्या दिवशी मीही बरोबर होतो. छपाई कशी केली हे कोणी विचारलं तर सांगायला. तिनं पट्टी त्यांच्या ताणायच्या यंत्रात अडकवली, दोन्ही टोकांना चिमटे लावले. यंत्रानं ओढायला सुरुवात केली आणि यंत्राच्या पडद्यावरची रेघ सपाट झाली, म्हणजे पट्टीतून वीजच जाईना. तिनं दुसरी पट्टी लावली. तेच. ती चिमट्यांकडे वाकून बघत होती, काहीतरी सांगणार होती.

त्याआधी मीच उभा राहिलो. हात जोडले.

"साहेब, चुकलं आमचं. त्या पट्ट्या मी शेडमध्ये हातानं ओढल्यात."

मला वाटलं, मी तिला वाचवतोय. तिचे सर हसले. म्हणाले, "टी-शर्टच्या शेडमध्ये टी-शर्टच छापावेत." बाकीचेही हसले. बहीण सांगत होती की चिमटे सुटतायत, एकदा घट्ट करून बघू. त्यांनी हातानंच तिला थांबवलं. कारण सापडलं होतं ना! तेही तिच्या सख्ख्या भावाच्या तोंडून.

परतताना गाडी कामोठ्याला आली. एरवी बाहेर शुद्ध बोलणारी माझी बहीण तिथं घरच्या बोलीवर आली.

"तुला कोनी इचारलं होतं, दादा?"

शेडमध्ये आल्यावर तिनं त्याच पट्ट्यांना स्वतःचा मीटर लावला, चिमटे बोटांनी घट्ट धरले आणि मला म्हणाली, ओढ. मी ओढली. आकडा खाली-वर झाला आणि जागेवर आला. दुसरीही तशीच. मी अंगठ्यांनी ताणतो हे तिला पहिल्या रविवारपासून माहीत होतं. एकदा ताण घेतलेल्या पट्ट्या पुढे जास्त स्थिर चालतात, हे तिनं मोजूनही पाहिलं होतं. समितीपुढे ती हेही सांगणार होती.

दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, सरांना फोन करतो, सगळं सांगतो. ती म्हणाली, केला मी. ते म्हणतात, तुमच्या भावानं सर्वांसमोर कबूल केलंय, आता काय चाचणी घ्यायची?

संताप होतो तो याचाच. त्या माणसांना तिचं काम बंदच करायचं होतं, नाहीतर यंत्राचा चिमटा तपासायला किती वेळ लागला असता? पण त्यांना सबब शोधावीही लागली नाही. मी ती हात जोडून नेऊन दिली. अपराधी वाटून घ्यायची मला इतकी घाई, की गुन्हा झालाय का हेही मी बघितलं नाही. आणि त्याला मी आयुष्यभर चांगुलपणा समजत आलो.

काम बंद झालं. ती तिच्या छपाईच्या जाळ्यांच्या चौकटी न्यायला शेडमध्ये आली तेव्हा माझे हात पुन्हा जुळायला लागले. तिनं ते धरून खाली केले.

"माफी मागू नकोस. तुझ्या माफीनंच सगळं घालवलंय."

चौकटी तिनं स्वतःच उचलल्या. मला हात लावू दिला नाही.

टी-शर्ट मी अजून अंगठ्यांनी ताणून बघतो. पण आता कोणी तक्रार घेऊन आलं की मी हात जोडत नाही. आधी म्हणतो, माल दाखवा. काही गिऱ्हाइकं तुटली यामुळे. तुटू देत. हे मला त्या दिवशी जमायला हवं होतं.