लिफ्टकाकांचा जॅक

गल्लीत त्यांना सगळे लिफ्टकाका म्हणत, कारण उभा जन्म त्यांनी लोकांच्या लिफ्टा दुरुस्त करण्यात घालवला. नोकरी सुटली, पण डोकं काही लिफ्टमधून बाहेर आलं नाही. वर न्यायची वस्तू वरूनच ओढायची आणि ब्रेक लागला म्हणजे लागला, मग डोळे मिटून निर्धास्त राहायचं, ही त्यांची दोन मतं. त्यापुढे ब्रह्मदेव आला तरी ते ऐकायचे नाहीत.

आणि गाठ पडली तीनचाकी मोटरसायकलशी. पुढे एक चाक, मागे दोन, आणि मागे बसणाऱ्याला पाठ टेकायची सोय. आजारपणात काकूंची डावी बाजू लुळी पडली तेव्हा काकांनी ती घेतली. मोटारीत वाकून शिरणं काकूंना जमेना आणि दोन चाकांवर तोल राहीना. या गाडीवर मात्र त्या ऐसपैस बसून व्यायामाच्या दवाखान्यात जायच्या. तिथल्या बाईंनी बजावलं होतं, "आत्ता कुठे पाय जोर धरायला लागलाय, एकही खेप चुकवू नका." खेप उद्या सकाळी होती, आणि गाडीचे मागचे ब्रेक असे किंचाळत होते की गल्लीतली कुत्री उठून दुसरीकडे जाऊन झोपायची.

मग गॅरेजात का नाही टाकली? टाकली होती की! त्या शहाण्याने जॅक थेट इंजिनाच्या पोटाला लावला आणि तेलाचं भांडं चेपून ठेवलं. वर तोंड करून म्हणतो, "काका, एवढं चालतं." डोंबलाचं चालतं! त्या दिवसापासून काकांनी ठरवलं, या गाडीला दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही.

ब्रेक बदलायला गाडी मागून उचलायची होती, आणि सगळी सकाळ छपरात गेली. दारापुढच्या पत्र्याच्या छपराच्या वाशाला त्यांनी साखळीची कप्पी टांगली, गाडीची मागची बाजू बांधली आणि ओढायला लागले. वासा कण्हला. उंबऱ्याजवळ खुर्चीत बसलेल्या काकू म्हणाल्या, "अहो, गाडी वर जायच्या आधी छप्पर खाली येईल."

"तू बस गं!" काका खेकसले. पण वाशाकडे एकदा बघून त्यांनी साखळी सोडली.

मग शेजारच्या मास्तरांकडून जॅक आणि उचललेली गाडी टेकवून ठेवायच्या दोन लोखंडी घोड्या आणल्या. सोबत उपदेश फुकट मिळाला, तो वेगळा. काका पालथे पडून, टॉर्च लावून गाडीखाली शिरले. इथे लावावा तर तेलाचं भांडं, तिथे लावावा तर ब्रेकची नळी, पलीकडे चेन. मानेला रग लागली, चष्मा घामाने घसरून नाकाच्या शेंड्यावर आला. "बनवणाऱ्याने ही गाडी कधी स्वतः उचलून बघितली होती का?" ते गाडीखालूनच ओरडले. शेवटी सांगाड्याचे दोन जाड नळ सापडले, दोन्ही बाजूंना एकेक. तिथे त्यांनी खडूने खुणा केल्या, दोन्ही नळांना पोचेल अशी जाड फळी आडवी धरली आणि फळीखाली जॅक ठेवला. हँडब्रेक करकचून ओढला.

"पुढच्या चाकाला दगड लावा," काकू म्हणाल्या.

"हँडब्रेक ओढलाय."

"तरी लावा."

"अगं, जन्मभर मी ब्रेकच्या भरवशावर माणसं टांगली, आता तू मला शिकवणार? तू बस!"

आजारपणापासून काकू हेच ऐकत होत्या. पाणी हवं? तू बस. भाजी चिरते? तू बस. नजर मात्र त्यांनी गाडीवरून हलवली नाही.

काकांनी जॅकचा दांडा हाणायला सुरुवात केली. मागची दोन्ही चाकं जमिनीवरून सुटली. घोडी सरकवायला म्हणून त्यांनी हात खाली घातला, आणि गाडी गुपचूप पुढे निघाली.

"हात!" काकू किंचाळल्या.

काकांनी हात ओढून घेतला. जॅक कलंडला, फळी उडाली आणि गाडीचं मागचं धूड धाडकन खाली आलं, हात होता तिथेच.

मग काकांची जीभ सुटली. जॅकला शिव्या, मास्तरांना शिव्या, फरशीच्या उताराला शिव्या. "हँडब्रेक लागलेला होता! मग हिला कोणी ढकललं?" हात मात्र त्यांनी काखेत दाबून धरला होता.

"ब्रेक लागलेलाच होता," काकू म्हणाल्या. "पण तो मागच्या चाकांना. मी मागे बसते ना, तो किंचाळतो माझ्या बुडाखाली. ती दोन्ही चाकं तुम्ही वर टांगलीत. मग जमिनीला धरलं होतं कोणी?"

काकांनी मागच्या चाकांकडे बघितलं. एवढी साधी गोष्ट! लिफ्टकाका नुसते नावाचेच, असं त्यांना वाटलं आणि स्वतःचाच भयंकर राग आला.

मग गाडी सपाट फरशीवर आली. पुढच्या चाकाला पुढून आणि मागून दगड बसले. फळी खडूच्या खुणांवर, जॅक हळूहळू, दोन्ही बाजूंना घोड्या. गाडी घोड्यांवर टेकल्यावर काकांनी ती दोन्ही हातांनी हलवून पाहिली आणि मगच हात आत घातला. ब्रेकचे झिजलेले तुकडे निघाले, नवे बसले. संध्याकाळी गाडी गल्लीत फिरून आली, पण चूं नाही की चां नाही. कुत्र्यांनी मानसुद्धा वर केली नाही.

"चल, आत चल," काका खुशीत म्हणाले आणि रोजच्यासारखे खुर्चीमागे गेले. काकूंच्या काखांत हात घालून वर ओढणार, तोच काकू म्हणाल्या, "थांबा."

"काय झालं?"

"गाडी कुठे धरायची ते शोधायला अर्धा दिवस पालथे पडलात. मला रोज उचलता. कधी विचारलंत, कुठे धरू?"

काकांचे हात तिथेच राहिले.

"दुखतं?"

"खांदा निखळतो की काय असं वाटतं. रोज."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही म्हणता ना, तू बस."

काका खुर्चीला वळसा घालून समोर आले.

"कुठे धरू?"

"कमरेला. आणि ओढू नका, मी उठते. दवाखान्यातल्या बाई माझ्या पावलापुढे त्यांचं पाऊल लावतात, सरकू नये म्हणून."

काकांनी चप्पल काढली आणि आपलं पाऊल काकूंच्या डाव्या पावलासमोर घट्ट टेकवलं.

"लावलं," ते म्हणाले.

काकूंनी एकदा खाली बघून खात्री करून घेतली आणि मग उठायला सुरुवात केली.